डावीकडे वळलेली मान

माझ्या खोलीवरच्या पाटीवर ‘भौतिकोपचार विभाग’ असं लिहिलेलं होतं आणि तुमसरात ते कोणी वाचत नसे. लोक मला शेकवाल्या बाई म्हणत. काही जण मालीशवाल्या बाई. पहिल्या नावावर मी गप्प राही, दुसऱ्यावर राहत नसे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात एकेक स्नायू, एकेक नस शिकून आलेल्या बाईला कोणी मालीशवाली म्हटलं तर तिनं काय करावं? मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवी आणि नीट नाव घेऊन यायला सांगे. बहुतेक जण मग येतच नसत.

खोली म्हणजे एका धर्मादाय दवाखान्याची मागची जुनी कोठी. शेजारी राईस मिल. खिडकी उघडी ठेवली की कोंड्याची राख शेकाच्या मशीनवर येऊन बसे, बंद ठेवली की मी आणि रोगी दोघंही घामानं निथळत असू. कोपऱ्यात मान ताणायची खुर्ची होती: डोक्याला अडकवायचा चामड्याचा पट्टा, वर कप्पी, कप्पीवरून खाली लोंबणारी वजनं. तिला सगळे फाशी म्हणत आणि हसत हसत तिच्यावर बसत.

दर गुरुवारी नागपूरहून हाडांचे डॉक्टर येत. टाय लावून. ते रोग्याच्या मानेकडे टेबलापलीकडून पाहत, चिठ्ठीवर चार अक्षरं ओढत, आणि रोगी बरा झाला की त्यांच्या गाडीत नवा तांदूळ, वांगी, लाखोरीची डाळ भरली जाई. त्याच रोग्याचा खांदा मी महिनाभर रोज हलवलेला असे. मला मिळे ते ‘येतो जी’. आज हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. आधीच सांगून ठेवते, कारण ज्या बाईबद्दल मी लिहिते आहे तिचा सगळा आजार याच जातीचा होता आणि तो मला ओळखता आला याचं श्रेय कॉलेजला नाही.

रंभाबाई आंधळगावची. तिचा नवरा केवळराम शेजारच्या राईस मिलमध्ये पोती वाहायचा. त्याच्या पाठीवर मी आधी उपचार केले होते, म्हणून बायकोला तो माझ्याकडे घेऊन आला. सत्तरचं दशक संपत आलं होतं, धानाच्या रोवण्याचे दिवस नुकतेच सरले होते, आणि चिखलात वाकून वाकून पाठी धरलेल्या बायकांनी माझं बाकडं भरलं होतं. रंभाबाई त्यांच्यात बसली नाही. चाळिशीची, उंच, काटक, कासोट्याचं लुगडं चापून नेसलेली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि बाकड्यावरच्या एकेकीला पाहत राहिली, जणू आधी नंबर कोणाचा लागतो ते तिलाच ठरवायचं होतं.

“हिचा अंगठा मेला म्हनते जी,” केवळराम म्हणाला.

“मेला नाही. झोपते,” रंभाबाई म्हणाली. “डावा अंगठा, अन् बाजूचं बोट. मानेतून कळ निंघते, खांद्यावरून उतरते, अन् इथं येऊन बसते.”

“कधीपासून?”

“रोवणा झाल्यापासून.”

“खोटं नोको सांगू. दोन सालापासून मान धरून बसते अन् मले बोलते.”

“तुमाले काय माईत? तुमी घरी असता का?” नवऱ्याकडे न पाहताच ती बोलली. त्याच्याकडे पाहायचं तर मान डावीकडे वळवावी लागली असती, आणि मला तेवढ्यात कळलं की ती वळत नाही.

माझ्याकडे यायच्या आधी ती दिघोरीकडच्या एका माणसाकडे जाऊन आली होती. तो खांद्यावर गुडघा ठेवून मान पिरगाळतो, हाड कडकन वाजतं, माणूस उठून घरी जातो. रंभाबाईची मान वाजली आणि त्या दिवसापासून अंगठा झोपू लागला. त्या माणसाचा मला राग यायला हवा, येतोही. पण खरं सांगायचं तर हेवा जास्त वाटतो. त्याला कोणी म्हणत नाही, व्यायाम कराले सवड नाही भेटली. तो व्यायाम सांगतच नाही.

मी तिला स्टुलावर बसवलं, पदर खाली घ्यायला लावला आणि मागून पाहिलं. डावा खांदा उजव्यापेक्षा वर. डाव्या बाजूचा मानेचा स्नायू दोरासारखा ताठ. हनुवटी उजव्या खांद्याकडे न्या म्हटलं, सहज गेली. डावीकडे न्या म्हटलं, अर्ध्यात अडकली आणि तिनं दात आवळले. डोकं डावीकडे जरा कलवून वरून हलकं दाबलं तर कळ सरळ अंगठ्यात. दोन्ही हातांनी डोकं वर उचललं तर ती म्हणाली, “हां, अशीच धरून ठेवा, मी रातपावतर बसतो.” डोळे मिटायला लावून कापसानं बोटांना शिवले. करंगळी कळली, मधलं बोट कळलं, अंगठ्याला शिवले तेव्हा ती वाट पाहत बसून राहिली. मणक्यातून नस जिथून बाहेर पडते तिथं ती चेपली जात होती, एवढं स्पष्ट होतं. चिमटीत कागद धरायला दिला, मी ओढला, कागद माझ्या हातात आला.

तो कागद सुटला तसा तिचा चेहरा उतरला. “बाई, मान दुखू द्या. कळ बी निंघू द्या. मले अंगठा तेवढा उठवून द्या. आता मले बिडीकडे पाहा लागते.”

“म्हणजे? पाहिल्याशिवाय विडी कशी बांधता?”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच अडाणी. आंधळगावात कोष्ट्यांचे माग आहेत, आणि जिथं माग नाही तिथं विडी आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि तंबाखू. पान डाव्या हातावर घ्यायचं, तंबाखू पसरायचा, दोन अंगठ्यांखाली वळायचं, टोकं दुमडून दोरा मारायचा. नव्या पोरी सुपात डोकं घालून बसतात आणि माझ्याकडे मान घेऊन येतात. रंभाबाई मात्र सुपाकडे पाहतच नव्हती. तिच्या अंगठ्याला पानाची शीर कळे, तंबाखू कमी पडला की जास्त ते कळे. ठेकेदार नापास विड्या बाजूला काढतो त्याला छाट म्हणतात; रंभाबाईच्या जुडीत छाट निघत नसे. ती कामाला बसली की पोरी तिच्या हातांकडे पाहत, आणि ती स्वतः दुसरीकडे पाहत असे. आता अंगठा झोपल्यावर तिला शिकाऊ पोरीसारखी मान सुपात घालावी लागत होती. तिला वाचवायचा होता तो हा मान, आणि मी मानेचा एक्स-रे मागवत होते.

गुरुवारच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. मणक्यांची झीज, म्हणाले. चिठ्ठीवर शेक, ताण आणि गळपट्टा लिहिला, झालं. डावीकडेच का, हे त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं. कुठल्या कुशीवर झोपता? उजव्या. घागर कुठल्या कमरेवर? उजव्या. सूप कुठल्या मांडीवर? दोन्ही. डाव्या बाजूनं ती काहीच करत नव्हती आणि मान मात्र डावीच झिजली होती. मला हे आवडलं नाही. कारण सापडत नसलं की उपचार म्हणजे नुसती शेकोटी.

पण उपचार सुरू झाले आणि रंभाबाईचा स्वभाव मला कळू लागला. पहिल्याच आठवड्यात तिच्या आधी फाशीवर ताराबाई बसली होती, मिलमध्ये धान पाखडणारी, अंगानं दुप्पट. तिची वजनं काढून मी रंभाबाईची लावली तेव्हा तिनं पट्ट्याच्या आतूनच डोळे खाली नेऊन मोजली.

“तिले जास्ती अन् मले कमी?”

“तिचं वजन जास्त आहे, रंभाबाई.”

“तिची मान माह्यापेक्षा जास्त दुखते का?”

“नाही.”

“मंग काहून?”

मी कारण समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि निघताना दाराशी ताराबाईला म्हणाली, “तुले पोत्यासारखं टांगते, मले मान्सासारखं.” त्यानंतर कोणाला शेक किती वेळ मिळाला, कोणाच्या खांद्यावर माझा हात किती वेळ होता, बाकड्यावर बसून तिचं सगळं लक्ष तिकडे. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं, पण कोणाला जास्त मिळालं ते अचूक कळे. हिचं रक्त तपासलं असतं तर साखर नाही, हेवाच निघाला असता.

गळपट्टा मिळाला तेव्हा मात्र ती खूश झाली. पांढरा, कडक, हनुवटीपर्यंत येणारा. तिनं तो लुगड्यावर ठुशीसारखा चढवला आणि एस.टी.त बसून गावाला मिरवत गेली.

दहा-बारा दिवसांनी ती आली ती कमरेवर हात ठेवून.

“मान कशी आहे?”

“मान बरी आहे. आता कंबर गेली.”

मी कंबर पाहिली. उजवीकडे वळता येत होतं, डावीकडे वळताना किंचाळत होती. माझं डोकंच फिरलं. मान बांधून ठेवली तर डावीकडचं दुखणं गळपट्ट्याखालून उतरून कमरेत गेलं होतं. दुखणं असं घर बदलत नाही. ही बाई घरी काहीतरी करते आणि मला सांगत नाही, एवढं नक्की झालं. मी रविवारी आंधळगावची गाडी पकडली.

घर कोष्टीपुऱ्याच्या मागं. पुढं लांबट छपरी, कौलारू, शेणानं सारवलेली. अंगणाच्या कडेला लाकडी खांब, त्यांच्याबाहेर बसण्याइतका ओटा, मागं मातीची भिंत. रंभाबाई दरवाजाजवळच्या खांबाला पाठ लावून बसली होती, ती मोठ्या सुनेची जागा. तिच्या डाव्या हाताला, वावभर अंतरावर, तिची धाकटी जाऊ शकुनबाई. दोघींच्या मांडीवर सुपं, दोघींची तोंडं अंगणाकडे. मी कुंपणाशी क्षणभर थांबले आणि मला जे दिसलं त्यासाठी एक्स-रेची काचही नको होती. रंभाबाईचे हात स्वतःच्या सुपात चालले होते आणि डोळे शकुनच्या सुपात होते. मान गळपट्ट्यात अडकलेली, म्हणून ती कमरेपासून सबंध डावीकडे वळून बसली होती. विडी बांधून होईपर्यंत तशीच. दुसरी घेतली, तशीच.

माझी चाहूल लागली तशी ती सरळ झाली.

“किती वर्षं अशी बसता?” मी विचारलं.

“कशी?”

“शकुनबाईंच्या सुपात बघत.”

शकुन खाली मान घालून हसली. ती गोल चेहऱ्याची, बोलायला मऊ. गोंदियाकडची, विड्या बांधणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा रंभाबाईचं राज्य होतं. ठेकेदार गावातल्या नव्या बायकांना नमुना म्हणून रंभाबाईची जुडी दाखवायचा. मग एके दिवशी त्यानं शकुनची जुडी उचलली, नाकाशी नेली, बोटात फिरवली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला, “अशी बांधा.” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी कदाचित विसरलाही असेल. रंभाबाईची मान त्या दिवशी डावीकडे गेली, ती गेलीच.

“मी काही पायत नाही,” रंभाबाई म्हणाली. “हिच्या सुपाच्या पलीकडं वासरू बांधलं राहते. मी थे पायतो.”

“वासरू मागच्या साली इकलं, जाऊबाई,” शकुन म्हणाली.

“तुले कोनी इचारलं?”

मला हसू आलं ते मी आवरलं नाही. उपाय सोपा होता. मी म्हटलं, जागा बदला. रंभाबाईंनी शकुनच्या डावीकडे बसायचं, म्हणजे मान उजवीकडे वळेल, डाव्या नसेला विसावा. रंभाबाईनं खांबाला अशी पाठ घट्ट केली की तो उपटून नेणार आहेत.

“हा माहा खांब आहे. सासूबाईनं मले बसवलं इथं. हे इथं बसन अन् मी तिथं, गुरासारखी? मंग चुलीजवड बी तिलेच बसवा. मंग माह्या धन्याले बी...”

“जाऊबाई,” शकुन म्हणाली, “मले नोको तुमचा खांब. त्याले वाळवी आहे.”

“पाहा. आता खांबाले नाव ठेवून राहिली.”

मी पाणी मागितलं. शकुन आणायला उठली आणि उठताना तिनं उजवा हात मानेच्या मागं नेला. ओळखीचा हात. रोज माझ्या बाकड्यावर दिसणारा.

“तुमचं काय?” मी विचारलं.

“काही नाही जी. थोडी धरते. जाऊबाईचं एवढं मोठं, त्यात माहं कुठं सांगाचं.” मग जरा थांबून, पाण्याचा गडू हातात तसाच: “त्याहिले पट्टा भेटला. एस.टी.नं जातेत, शेक भेटते, घरचं मी करतो. माही बी मान पाहून देजा न जी.”

“तुह्या मानेले काय झालं?” रंभाबाई ताठ बसली. “कालपावतर तर टनटनीत होती.”

तिथंच, छपरीत, मी शकुनची मान तपासली. रंभाबाई अंगावर येईल इतकी जवळ सरकली. डावीकडे मान पूर्ण वळली. उजवीकडे न्या म्हटलं तर अडली. उजव्या बाजूचा स्नायू दोरासारखा. शकुनला हातांकडे पाहावं लागे, तिची नजर रंभाबाईसारखी सगळा वेळ वर नव्हती, म्हणून नस वाचली होती. पण चोरून चोरून का होईना, ती सगळी वर्षं उजवीकडे पाहत आली होती. उजवीकडे कोण बसतं ते मी सांगायला नको.

“तुम्ही कशाला बघत होता?” मी विचारलं. “ठेकेदारानं तर तुमचीच जुडी उचलली.”

शकुन लाजली. “त्या न पाहता बांधतेत जी. मले इतके साल झाले, मले नाही जमलं.”

रंभाबाईनं सुपातलं एक पान उचललं, परत ठेवलं.

आता सांगते, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं. दोघींना समजावायला हवं होतं, की एकमेकींचा हेवा करू नका, मन मोकळं करा. गावातले सगळे भले लोक तेच सांगत आले असतील. त्यानं कोणाची मान सुटलेली मी पाहिली नाही. नजर जिथं जायची तिथं जाणारच, मग मान तरी वाकडी का करायची? मी उठले आणि शकुनचं सूप उचलून मागच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. शकुननं भिंतीला टेकून बसायचं, तोंड रंभाबाईकडे. रंभाबाईनं खांबाच्या आतल्या बाजूला येऊन त्यालाच टेकायचं, तोंड शकुनकडे. दोघींच्या पायांमध्ये पानांची टोपली.

“आता बघा काय बघायचं ते. सरळ बघा. लपवू नका.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना काय करावं ते कळेना. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकींचे हात पाहिले होते, तोंडं फारशी पाहिली नव्हती.

“हे अशी बघत राहीन का मले दिवसभर?” रंभाबाई म्हणाली.

“तुमी बी बघानच न,” शकुन म्हणाली.

व्यायाम मी दोघींना एकत्रच शिकवले. हनुवटी आत ओढायची, मान उंच करायची. कपाळावर तळहात ठेवून डोक्यानं ढकलायचं, हातानं हलू द्यायचं नाही. खांद्यांची पाती मागं एकमेकींना भेटवायची. दर थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून उठायचं. एरवी माझ्या रोग्यांपैकी घरी व्यायाम करणारे शोधून सापडत नसत. या दोघींनी माझी उलटी अडचण केली. रंभाबाई तुमसरला आली की पहिला प्रश्न, “शकुन पुरा करते का जी?” मी म्हणे, “तुमच्यापेक्षा चांगला.” शकुन आली की तिला तेच. पुढं मला दोघींना दम द्यावा लागला, कारण त्या हनुवट्या अशा मागं ओढून बसू लागल्या होत्या की ठेकेदारानं केवळरामला विचारलं म्हणे, घरात भांडन झालं का.

भिंतीचंही झालंच. खांब गोल, टोचणारा. भिंतीला पाठ सबंध टेकते. मला हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं आणि मी मुद्दाम बोलले नव्हते. पण रंभाबाईसमोर आता दिवसभर शकुनची सरळ पाठ होती. पंधरवड्यात तिनं शोध लावला.

“बाई, तुमी हिले चांगली जागा देली.”

“तुम्हाला खांब हवा होता ना?”

“हवा होता. आता भित पायजे.”

मग त्यांनी आपसांतच ठरवलं, एका आठवडी बाजारापासून दुसऱ्यापर्यंत भिंत हिची, नंतर तिची. खांब मोठ्या सुनेचा ही गोष्ट बिनबोभाट संपली. कोणी विचारलं की रंभाबाई माझ्याकडे बोट दाखवी: डाक्टरीनबाईचा हुकूम आहे.

अंगठा सावकाश जागा झाला. आधी मुंग्या, मग चुरचुर, मग थंड पाणी कळू लागलं. संक्रांतीच्या सुमारास मी तिला पुन्हा स्टुलावर बसवून डोळे मिटायला लावले आणि कापूस अंगठ्याला लावला. “शिवलं,” ती लगेच म्हणाली. बोटाच्या टोकाशी थोडं बोथट राहिलं, ते राहिलंच. कागद चिमटीत दिला तो मला ओढून काढता आला नाही. मग तिनं पदराच्या गाठीतून पान, तंबाखू आणि दोरा काढला, माझ्या टेबलावर, शेकाच्या मशीनशेजारी, आणि माझ्या डोळ्यांत पाहत एक विडी बांधली. एकदाही खाली पाहिलं नाही.

“घरी कोणाकडे बघून बांधता?”

“समोरच्या भवानीकडं,” ती म्हणाली. चांगल्या आवाजात म्हणाली.

त्या गुरुवारी केवळरामनं डॉक्टरांच्या गाडीत वांगी ठेवली. मी खिडकीतून पाहिलं.

पुढं माझ्याकडे नवीन मशीन आलं, मदतनीस मिळाली, पाटीवर रंग चढला. रंभाबाई आणि शकुन बाजाराला आल्या की डोकावून जात. मी एकटी राहत होते. माझ्या ताटात काय आहे ते पाहायला मान वाकडी करणारं माझ्याकडे कोणी नव्हतं. त्या दोघी एकमेकींच्या पिशव्यांत डोकावत दाराबाहेर पडत तेव्हा मला त्यांचा हेवा वाटे. वाटे म्हणजे वाटे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यांची सासू गेली आणि भावांनी घर वाटायचं काढलं. रंभाबाई एकटीच आली, केस पांढरे झालेले, मान सरळ. स्टुलावर न सांगता बसली.

“दुखतंय?”

“नाही. पुढं दुखन.”

भिंत येणार होती. परसापासून थेट पुढपर्यंत, घराच्या मधोमध. आणि धाकटा दीर भैय्यालाल म्हणत होता, वाटणी तर वाटणी, छपरीतूनही न्या. केवळरामही त्याच्याच बाजूनं बोलत होता. “मधात भित आली तर मी काय पाहू जी? मातीले पाहू? मी कान लावून बसन, हे काय करून राहिली म्हनून. मान मंग वाकडी होईनच न? अंगठा झोपनच न?”

मी विचार केला. ती सांगत होती ते वैद्यकीय दृष्टीनं बरोबर होतं. भिंतीपलीकडच्या आवाजाकडे कान लावून, डोकं कलवून तासन्‌तास बसणारी रंभाबाई मला स्पष्ट दिसली. भिंत आली की शकुन पुन्हा डावीकडे, म्हणजे नस तिथंच चेपली गेली असती.

“मग माझ्याकडून काय हवं?”

“लिहून द्या. तुमचं लिहिलेलं धनी ऐकतेत. माहं नाही.”

मी दवाखान्याचा कागद घेतला आणि लिहिलं: रुग्णास मानेच्या मणक्यांचा जुना विकार आहे. विडीकाम करताना तिच्या समोर मोकळी जागा असणे आवश्यक. बसण्याच्या छपरीत भिंत घालू नये. वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं, मग ठप्पा मारायला लावला, ठप्पा फिका उमटला म्हणून पुन्हा मारायला लावला. कागद पदरात बांधला आणि दाराशी जाऊन थांबली.

“शकुन आली होती का जी, असा कागद मागाले?”

“नाही.”

“येईन थे. आली तर देजा. पन ठप्पा नोका मारू.”

शकुन बाजारच्या दिवशी आली. तेच मागणं, त्याहून मऊ आवाजात. मी तिलाही लिहून दिलं. ठप्प्याशिवाय दवाखान्याचा कागद बाहेर देता येत नाही, तेव्हा ठप्पाही मारला.

दोन भावांच्या हातात दोन कागद पडल्यावर भिंत घरातून आली आणि उंबरठ्याशी थांबली. चुली दोन झाल्या, दारं दोन झाली, छपरी एकच राहिली. हे सांगायला रंभाबाई स्वतः आली, नेमकी गुरुवारी. बाहेर डॉक्टरांची गाडी उभी होती. ती गाडीजवळून आली, थांबली नाही, आणि कापडाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत नवा चिन्नोर तांदूळ. खोलीत वास सुटला.

“त्यायले नाही देला,” ती खिडकीकडे हनुवटी करून म्हणाली. “तुमालेच.”

मी पिशवीवर हात ठेवला.

“शकुनच्या कागदावर बी ठप्पा आहे म्हनते.”

“आहे.”

तिनं मान हलवली. मग पिशवीचं तोंड सोडलं, ओंजळभर तांदूळ बाहेर काढून आपल्या पदरात टाकले, पदराला गाठ मारली, पिशवीचं तोंड पुन्हा नीट बांधलं आणि माझ्याकडे सरकवली.

“हं,” ती म्हणाली. “आता बरोबर झालं.”